वाद्य आणि त्याचा पाठ : मॉड्युलर सिंथेसायझरमधील फर्मवेअर-बदलाचा ऐतिहासिक विचार

१

वाद्यांच्या इतिहासाचा अभ्यास करताना एक गोष्ट आपण बहुधा न बोलता गृहीत धरतो. ती ही की, वाद्य एकदा सिद्ध झाले म्हणजे त्याचे स्वरूप ठरून गेले. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी पुन्हा काढतो, पखवाजाची पुडी झिजली म्हणजे नवी चढविली जाते, सतारीच्या तारा बदलतात. तथापि या सर्व क्रियांचा हेतू वाद्याला त्याच्या मूळ स्थितीवर आणणे हाच असतो. वाद्याच्या देहाला हात न लावता त्याचे अंगचे सामर्थ्यच पालटावे, काल जे वाद्य एक प्रकारचा नाद उत्पन्न करीत होते त्याने आज निराळ्याच प्रकारचा नाद उत्पन्न करावा, आणि तरीही त्याचे नाव, आकार व किंमत तीच राहावी, हा प्रकार जुन्या वाद्यांच्या बाबतीत संभवत नव्हता.

गेल्या काही दशकांत तो संभवू लागला आहे. मॉड्युलर सिंथेसायझर हे विद्युत्-वाद्य अनेक सुट्या घटकांचे, म्हणजे मॉड्यूल्सचे, बनलेले असते. कोणता मॉड्यूल कोणाशी तारेने जोडावयाचा हे वादक ठरवितो. यांतील अनेक मॉड्यूल्समध्ये आता एक छोटा संगणक बसविलेला असतो आणि त्याने काय करावे हे सांगणारी आज्ञावली त्याच्या स्मृतीत लिहिलेली असते. या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. ती पुसून तिच्या जागी नवी लिहिणे हीच फर्मवेअर-बदलाची क्रिया होय. वादक तिच्याकडे देखभालीचे एक काम म्हणून पाहतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तीत एक मूलभूत प्रश्न दिसावयास हवा. वाद्याचा नाद जर लिखित पाठावर अवलंबून असेल, आणि तो पाठ बदलता येत असेल, तर वाद्याचे नाव सांगून त्या वाद्याचा निर्देश पुरा होतो काय? तो होत नाही, आणि म्हणून अशा वाद्याचा अभ्यास हस्तलिखित ग्रंथाप्रमाणे पाठभेद ध्यानात घेऊनच केला पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

मॉड्युलर सिंथेसायझरच्या आरंभकाळी हा प्रश्न नव्हता. १९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मोग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने आपले पहिले मॉड्यूल्स तयार केले. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथे डॉन बुकला यांनी मॉर्टन सबॉटनिक व रमोन सेंडर या संगीतकारांच्या मागणीवरून स्वतंत्रपणे अशीच रचना सिद्ध केली. या दोन्ही वाद्यांत विद्युद्दाबाने विद्युद्दाबाचे नियंत्रण केले जाई. आंदोलकाचा स्वर, गाळणीची मर्यादा, नादाचा चढउतार हे सर्व रोध, धारित्रे व ट्रान्झिस्टर यांच्या जुळणीतून निघत असे. वाद्यात कोणताही मजकूर लिहिलेला नव्हता. ज्याला आज आपण आज्ञावली म्हणू ती वादकाने जोडलेल्या तारांच्या रूपाने वाद्याच्या दर्शनी भागावर लोंबत असे आणि तारा उपसताच नाहीशी होई.

भारतातील एक उदाहरण येथे उपयोगी आहे. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साह्याने मोग सिंथेसायझर बसविण्यात आला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी त्या स्टुडिओत केलेल्या रचनांच्या ध्वनिफिती पुढे अनेक वर्षे संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस यांनी त्यांकडे लक्ष वेधले आणि त्यांतील निवडक रचना २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. या फितींवरून नाद कळतो. तो कोणत्या जोडणीतून निघाला हे मात्र फितीवर लिहिलेले नसते. तरीसुद्धा अभ्यासकाला एक आधार उरतो. त्या जातीचे मॉड्यूल्स पुन्हा मिळविले तर त्यांचे सामर्थ्य १९६९ साली जे होते तेच आज सापडते. जोडणी हरवली तरी वाद्य हरवत नाही. फर्मवेअरने हा आधारच काढून घेतला आहे.

३

‘फर्मवेअर’ हा शब्द अ‍ॅशर ओप्लर यांनी १९६७ साली ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात प्रथम योजिला. संगणकाचा देह म्हणजे हार्डवेअर आणि त्याला दिलेला कार्यक्रम म्हणजे सॉफ्टवेअर, या दोहोंच्या मध्ये असणाऱ्या, यंत्राच्या मूलभूत आज्ञांचा अर्थ ठरविणाऱ्या सूक्ष्म आज्ञावलीला त्यांनी हे नाव दिले. ही आज्ञावली बदलता येणाऱ्या स्मृतीत ठेवता येईल, ही कल्पना त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी होती. म्हणजे ‘फर्म’ या शब्दाने घट्टपणा सुचविला जात असला, तरी बदलाची शक्यता या संकल्पनेत जन्मापासूनच होती.

व्यवहारात मात्र हा बदल पुष्कळ काळ अवघड राहिला. १९७१ साली इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती-चिप सिद्ध केली. तिच्या माथ्यावर क्वार्ट्झची एक लहानशी खिडकी असे. तीतून जंबुपार किरण काही मिनिटे पडू दिले की लिहिलेले सर्व पुसले जाई. १९७८ साली डेव्ह स्मिथ यांनी बाजारात आणलेल्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरमध्ये मायक्रोप्रोसेसर होता आणि त्याची आज्ञावली अशाच प्रकारच्या चिपांवर होती. हे वाद्य मॉड्युलर नव्हे. पण वाद्यात मजकूर कसा शिरला हे त्याच्यावरून स्पष्ट होते. त्यात सुधारणा करावयाची म्हणजे झाकण उघडून जुनी चिप उपटावयाची आणि नवी बसवावयाची. हे काम तंत्रज्ञाचे होते. शिवाय काढलेली चिप हातात उरत असे. जुना पाठ नष्ट होत नसे, तो केवळ वाद्याबाहेर जाई.

ही स्थिती फ्लॅश-स्मृतीने पालटली. जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत ही स्मृती जगापुढे मांडली. तीत विजेच्याच साह्याने मजकूर गटागटाने पुसता येतो आणि चिप जागची हलवावी लागत नाही. पुढे ही स्मृती मायक्रोकंट्रोलरच्या पोटातच सामावली गेली. आता बदलासाठी तंत्रज्ञाची गरज उरली नाही. पण त्याचबरोबर, नवा पाठ लिहिताना जुना त्याच जागी पुसला जाऊ लागला. एकाच शोधाची ही दोन फळे होत, आणि दुसऱ्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

४

मॉड्युलर सिंथेसायझरचे पुनरुज्जीवन म्युनिकजवळच्या डीटर डॉप्फर यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास केले. त्यांच्या ए-१०० या मालिकेने जे परिमाण रूढ केले त्याला युरोरॅक म्हणतात. मॉड्यूलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, जोडणीसाठी ३.५ मिलिमीटरचे जॅक आणि अधिक-उणे १२ व्होल्टचा पुरवठा, एवढ्या थोड्या नियमांवर पुढे शेकडो लहानमोठ्या कारागिरांचे मॉड्यूल्स एकाच पेटीत नांदू लागले. आरंभीचे बहुतेक मॉड्यूल्स मोग व बुकला यांच्याप्रमाणे निव्वळ विद्युत्-मंडलांचे होते. पुढे मायक्रोकंट्रोलर स्वस्त व शक्तिमान झाले आणि मॉड्यूलच्या मागील बाजूस संगणक येऊन बसला.

त्याच्या स्मृतीपर्यंत नवी आज्ञावली पोहोचवावयाची कशी, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. मॉड्यूलच्या अरुंद दर्शनी पट्टीवर संगणकाच्या तारेसाठी वेगळी जागा ठेवणे खर्चाचे होते. परंतु ध्वनी आत घेण्याचे छिद्र तेथे पुष्कळदा असतेच. तेव्हा आज्ञावलीचेच ध्वनीत रूपांतर करावे आणि तो ध्वनी मॉड्यूलला ऐकवावा, हा मार्ग काही निर्मात्यांनी स्वीकारला.

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. घरगुती संगणकांच्या आरंभकाळी मजकूर साठविण्यासाठी साधी कॅसेट वापरीत. ‘बाइट’ मासिकाने नोव्हेंबर १९७५ मध्ये कॅन्सस सिटी येथे भरविलेल्या परिसंवादातून त्यासाठी एक संकेत ठरला. शून्य हा अंक १२०० हर्ट्झच्या चार आवर्तनांनी आणि एक हा अंक २४०० हर्ट्झच्या आठ आवर्तनांनी दर्शवावयाचा. सेकंदास ३०० अंक जात. सिंथेसायझरनेही हा मार्ग घेतला होता. प्रॉफेट-५ च्या पुढील आवृत्तींत स्वररचना कॅसेटवर उतरवून ठेवण्याची सोय होती. २०११ साली कोर्ग कंपनीने मोनोट्राइब या आपल्या छोट्या वाद्याची नवी आज्ञावली ध्वनिफाइलीच्या रूपानेच वितरित केली. युरोरॅकमध्ये या पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती मुख्यतः पॅरिस येथील म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या संस्थेने. एमिली झिले यांनी स्थापिलेल्या या संस्थेचे ब्रेड्स, क्लाउड्स, रिंग्ज, प्लेट्स इत्यादी मॉड्यूल्स २०१० नंतरच्या दशकात सर्वत्र पसरले.

५

या क्रियेचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण पुढील विवेचन तिच्यावर आधारलेले आहे. मॉड्यूलवरील एक ठरावीक बटण दाबून धरून वीज सुरू केली म्हणजे नेहमीच्या आज्ञावलीऐवजी बूटलोडर नावाची एक लहान, स्वतंत्र आज्ञावली जागी होते. आवक ध्वनी ऐकणे आणि त्यातून निघणारा मजकूर स्मृतीत लिहिणे एवढेच तिचे काम. संगणकावरून ध्वनिफाइल वाजविली की एक वाहक लहर मॉड्यूलमध्ये शिरते. क्लाउड्सच्या बाबतीत या लहरीची कला, म्हणजे फेज, क्षणोक्षणी चार स्थानांपैकी एका स्थानी जाते आणि प्रत्येक स्थान दोन अंकांचे निदर्शक असते. मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागलेला असतो. प्रत्येक पुडक्याबरोबर एक ताळ्याचा आकडा असतो. बूटलोडर स्वतः गणित करून तो पडताळतो आणि जमले नाही तर थांबतो. अशा वेळी ध्वनिफाइल पुन्हा आरंभापासून ऐकवावी लागते.

निर्मात्याने दिलेल्या सूचना या दृष्टीने वाचण्याजोग्या आहेत. या काळात संगणकातून दुसरा कोणताही आवाज, अगदी पत्र आल्याची सूचना देणारी घंटासुद्धा, वाजता कामा नये. आणि ध्वनिवर्धक जोडलेले नसावेत, कारण हा आवाज इतका कर्कश असतो की कानांना इजा व्हावी. नादनिर्मितीसाठी केलेल्या या यंत्राला जो ध्वनी त्याचे नवे रूप देतो, तो माणसाने ऐकण्याचा नव्हे.

क्रिया मध्येच खंडित झाली तर काय होते? जुना मजकूर काही भागात पुसला गेलेला असतो आणि नवा पुरता उतरलेला नसतो. वाद्य त्या वेळी जुनेही नसते व नवेही नसते. बूटलोडर स्मृतीच्या राखीव भागात असल्यामुळे तो शाबूत राहतो आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. या योजनेत बदलत नाही असा भाग एवढाच. मॉड्यूलच्या देहाखालोखाल त्याची ओळख टिकविणारी वस्तू म्हणजे हा बूटलोडर होय.

६

आता क्लाउड्सचे उदाहरण सविस्तर पाहू. हा मॉड्यूल २०१४-१५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. आत येणारा नाद तो एक ते आठ सेकंदांपर्यंत साठवितो, त्याचे बारीक ध्वनिकण करतो आणि ते निरनिराळ्या उंचीवर, घनतेने व क्रमाने पसरतो. या मुख्य कार्याखेरीज अधिकृत आज्ञावलीत आणखी तीन कार्यपद्धती समाविष्ट झाल्या. इतपत फरक हा मूळ ग्रंथकारानेच आपल्या ग्रंथात घातलेल्या भरीसारखा मानता येईल.

परंतु झिले यांनी आपल्या मॉड्यूल्सची आज्ञावली व विद्युत्-मंडलांचे आराखडे सर्वांना खुले केले होते. आज्ञावलीवरील परवाना अत्यंत उदार होता. अट मुख्यतः ही की, बदललेल्या वस्तूवर संस्थेचे नाव वापरू नये. याचा परिणाम म्हणून मातियास प्युएश यांनी क्लाउड्ससाठी ‘पॅरासाइट्स’ नावाची पर्यायी आज्ञावली तयार केली. तीत निनादाचा विस्तार करणारी आणि अनुनादकाचे कार्य करणारी नवी प्रकरणे होती. पुढे दुसऱ्या एका लेखकाने केलेली ठेक्याच्या पुनरावृत्तीची भर आणि पॅरासाइट्स यांचा मिलाफ करून ‘सुपरपॅरासाइट्स’ हा तिसराच पाठ सिद्ध झाला. पाठचिकित्सेच्या परिभाषेत पहिल्याला मूळ पाठ, दुसऱ्याला प्रक्षेपयुक्त पाठ आणि तिसऱ्याला संमिश्र पाठ म्हणावे लागेल. या तिन्ही पाठांचे मॉड्यूल बाहेरून पाहता एकच. दर्शनी पट्टीवरील अक्षरे तीच, चक्रे तीच, दिवे तेच. केवळ दिव्यांच्या रंगसंकेतांचा अर्थ पालटलेला.

क्लाउड्सचे उत्पादन २०१७ साली थांबले. त्यानंतरही इतर कारागिरांनी खुल्या आराखड्यावरून लहान आकाराचे नग निराळ्या नावांनी तयार केले आणि त्यांत कधी मूळ, कधी पर्यायी पाठ घातला. एकच देह आणि अनेक पाठ, तसेच एकच पाठ आणि अनेक देह, अशी दुहेरी स्थिती येथे उत्पन्न झाली. एखाद्या ध्वनिमुद्रणावर ‘क्लाउड्स वापरला’ एवढीच नोंद असेल तर तिच्यावरून वाद्याचे सामर्थ्य काय होते, याचा निर्णय आज करता येत नाही.

दुसरे उदाहरण प्लेट्सचे. २०१८ साली हा मॉड्यूल आला तेव्हा त्यात नादनिर्मितीच्या सोळा पद्धती होत्या. पुढील अधिकृत बदलाने त्यांत आठांची भर पडून त्या चोवीस झाल्या. या आठांत सहा आंदोलकांच्या योगाने चालणारी, यामाहा कंपनीच्या १९८३ सालच्या डीएक्स-७ या वाद्यासाठी रचलेल्या स्वरांना आपलेसे करणारी एक पद्धती आहे. म्हणजे जवळजवळ चार दशकांपूर्वीच्या एका स्वतंत्र वाद्याचे नादतत्त्व, नवा कोणताही अवयव न बसविता, आधीच विकल्या गेलेल्या मॉड्यूल्समध्ये शिरले. ज्याने २०१८ साली प्लेट्स विकत घेतला त्याने हे वाद्य विकत घेतले नव्हते. आणि ज्याने बदल केला नाही त्याच्याजवळ ते आजही नाही.

७

मराठी अभ्यासकाला पाठाचा प्रश्न अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी आपली भर घालू नये अशी ताकीदही दिली. राजवाड्यांनी १९०९ साली निराळ्या परंपरेचा पाठ छापून प्रसिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती शेकडो हस्तलिखिते ताडून. या सर्व उद्योगाला एकच गोष्ट साह्यभूत झाली : नवी प्रत लिहिल्याने जुनी प्रत आपोआप नाहीशी होत नाही. लेखकाचे प्रमाद, पदरच्या ओव्या, गाळलेल्या पंक्ती या सर्वांची साक्ष जुन्या पोथ्या देतात.

फ्लॅश-स्मृतीतील पाठाचे तसे नाही. तेथे प्रत्येक नवी प्रत जुन्या प्रतीच्या कागदावरच, तो पूर्ण कोरा करून लिहिली जाते. त्यामुळे केवळ वाद्य हाती असून भागत नाही. वाद्य स्वतःच्या पूर्वस्थितीची साक्ष देऊ शकत नाही. अभ्यासकाला साक्ष मिळते ती वाद्याबाहेर, आज्ञावलीच्या लेखकाने ठेवलेल्या भांडारात. म्युटेबलच्या बाबतीत प्रत्येक बदल केव्हा व कोणता झाला याची नोंद खुल्या भांडारात आहे, म्हणून २०२२ साली संस्थेने कार्य थांबविल्यानंतरही कोणताही जुना पाठ पुन्हा सिद्ध करून मॉड्यूलमध्ये घालता येतो. ज्या निर्मात्यांनी आपली आज्ञावली गुप्त ठेवली त्यांच्या बाबतीत, संस्था बंद पडताच जुन्या प्रतीही दुर्लभ होतात. मग वाद्य वाजत राहते, पण त्याचा इतिहास सांगता येत नाही.

येथे असा आक्षेप घेता येईल की, बहुतेक बदल क्षुल्लक दोष काढण्यासाठी असतात. त्यांना पाठभेदाची प्रतिष्ठा देणे अतिशयोक्तीचे आहे. हा आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु कोणता दोष क्षुल्लक हे वाद्य वापरणाराच ठरवितो. निर्मात्याला जो दोष वाटला तोच एखाद्या रचनाकाराने आपल्या रचनेचा आधार केलेला असू शकतो. दोष निघाला की ती रचना पुन्हा वाजविता येत नाही. अशुद्ध म्हणून गाळलेला पाठ पुढे महत्त्वाचा ठरण्याचा अनुभव ग्रंथचिकित्सेतही आहेच. तेव्हा क्षुल्लकतेचा निर्णय आधी करून नोंद टाळण्यापेक्षा, नोंद करून निर्णय पुढील अभ्यासकावर सोपविणे अधिक सुरक्षित.

८

यावरून संग्रहालये, ध्वनिसंग्रह आणि संशोधक यांच्यासाठी काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, अशा वाद्याचा उल्लेख करताना मॉड्यूलचे नाव, विद्युत्-मंडलाची आवृत्ती आणि फर्मवेअरचा पाठ व क्रमांक ही तिन्ही द्यावीत. दुसरा असा की, संग्रहात दाखल होणारे वाद्य ज्या पाठासह आले तो नोंदल्याशिवाय त्यात बदल करू नये, मग तो बदल सुधारणेचा का असेना. तिसरा निष्कर्ष ध्वनिफाइलीविषयी आहे. ती ध्वनीच्या रूपात असली तरी वस्तुतः ग्रंथ आहे, म्हणून ती मूळ, असंकुचित स्वरूपातच जतन केली पाहिजे. जागा वाचविण्यासाठी संगीताच्या फाइली ज्या रीतीने संकुचित करतात, त्या रीतीत कानाला न जाणवणारा भाग टाकून दिला जातो; येथे ऐकणारा माणूस नसल्यामुळे त्या हिशेबाला अर्थ उरत नाही, आणि कलेतील बारीक फरक बिघडले तर मजकूर वाचता येत नाही. चौथा निष्कर्ष असा की, फ्लॅश-स्मृतीतील विद्युत्-भार हा कागदावरील शाईसारखा नव्हे. तो टिकण्याची हमी दशकांतच मोजली जाते. कपाटात बंद ठेवलेले वाद्य जपले गेले असे समजणे धोक्याचे आहे.

या कामाला वेळ फार नाही. १९७८ सालची चिप उपटून ठेवता येत होती आणि तशा चिपा आजही सापडतात. त्यानंतरच्या वाद्यांचे जुने पाठ मात्र लेखकांच्या संगणकांवर, बंद पडत चाललेल्या संस्थांच्या भांडारांत आणि वादकांच्या जुन्या डिस्कांवर विखुरलेले आहेत. तंबोऱ्याचा अभ्यासक तंबोरा हाती घेऊन आरंभ करू शकतो. या नव्या वाद्यांच्या अभ्यासकाने वाद्याबरोबर त्याची पोथीही शोधली पाहिजे, आणि ती आज मिळत असतानाच तिची नक्कल करून ठेवली पाहिजे.